गाजरानं पिवळी केलेली पोरगी

बायांनो, आज पोटभर जेवली मी!

परतवाड्याच्या डॉक्टरनं आमच्या रांगत्या पोरीचे पिवळे तळहात पाहून "लिव्हर खराब असू शकते" म्हटलं, तवापासून घशाखाली घास उतरत नव्हता. म्हनून आज दुसऱ्या डॉक्टरले दाखवाले सासऱ्यांसंग अमरावतीले गेलो.

तिथल्या मॅडमनं पोरीचे डोळे पाह्यले. पांढरेशुभ्र. रक्ताचा रिपोर्टही चांगला आला. मंग त्याइनं विचारलं, "हिला खायला काय देता?"

सासरे ऐटीत म्हनले, "आमच्या वावरातलं गाजर. रोज वाटीभर."

मॅडम हसल्या. "मग गाजराचाच रंग चढलाय. जरा कमी करा."

मी तं तिथंच रडली.

आन् आता घरी सासरे पुन्हा गाजर किसून राहिले! म्हनतात, "मॅडम कमी म्हनल्या, बंद नाही म्हनल्या."

तुमीच सांगा, हासू का भांडू?