घरची गाडी

"मुलगी काही बोलत नाही हो."

गाडीच्या पलीकडून कुणीतरी हळूच म्हणालं. गाडी बघायला आलेले ते कल्याणचे एक वकील होते. मी बंगल्याच्या फाटकाशी चावी घेऊन उभी होते. शेठनी डोक्यावरची काळी टोपी काढली, आत काही लिहिलेलं असावं तसं तिच्यात पाहिलं आणि पुन्हा घातली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाप बीमार आहे तिचा, वकीलसाब. घरची गाडी विकायची. पोरीला कसा वाटणार?"

वकिलांनी माझ्याकडे अपराध्यासारखं पाहिलं आणि घासाघीस न करता सांगितलेला आकडा कबूल केला.

माझे वडील आजारी होते, हे खरं. पण गाडी आमची नव्हती. अंबरनाथचा तो बंगलाही आमचा नव्हता. तो रिकामा होता आणि त्याच्या माळ्याला शेठ दर खेपेला दोन रुपये देत. शेठ आपण शेजारी असल्याचं सांगत, तेही नव्हते. ते कॅम्पातले जुन्या मोटारींचे व्यापारी होते आणि मी त्यांच्याकडे टायपिस्ट होते.

फाळणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या त्या कॅम्पाला उल्हासनगर म्हणायची सवय तेव्हा कुणालाच झालेली नव्हती. लष्कराने सोडलेल्या एका बराकीच्या अर्ध्या भागात शेठचं कुटुंब राही, मध्ये गोणपाटाचा पडदा होता, आणि उरलेल्या अर्ध्यात आमची कचेरी. पडद्याआडून कांदा परतल्याचा वास आला की जेवायची वेळ झाली असं मी समजे. बाहेर पत्र्याच्या शेडखाली दोन, कधी तीन गाड्या उभ्या असत.

गाडी विकायला आलेल्या माणसाचं काय होतं, ते मी टाइपरायटरच्या मागे बसून पाहिलं आहे. शेठ इंजिन नंतर बघत. आधी दार उघडून लावत, बंद होतानाचा आवाज डोळे मिटून ऐकत आणि असा सुस्कारा सोडत की मालकालाच गाडीची काळजी वाटू लागे. मग चहा येई. मालक विचारी, "काय द्याल?" शेठ म्हणत, "साईं, चाय थंडा होते." पुन्हा शांतता. अखेर मालकच घाबरून आकडा सांगे, आणि तो त्याने घरून ठरवून आणलेल्या आकड्याहून कमी असे. त्याला आजच्या आज रोख हवी असते, हे शेठना ठाऊक असे.

तीच गाडी मग धुऊन, रंगवून अंबरनाथच्या फाटकात जाई. विलायतेहून नव्या गाड्या येणं जवळजवळ बंद झालं होतं आणि जुन्या गाडीला मान आला होता. पण लोक व्यापाऱ्याकडे आले की शंभर शंका काढत. साहेबाच्या दारातली गाडी म्हटली की पाचशे रुपये जास्त देत आणि वर आभार मानत. म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रात जाहिरात जाई: मालकाची बदली झाली आहे, गाडी एकाच हातची आहे, घरातल्या बाईच चालवतात. या जाहिराती मी लिहीत असे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले होते; शेठना इंग्रजी येत नव्हतं.

"बेटी, झूट नाय बोलायचा," त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, "बोलायचाच नाय."

लहानपणापासून घरीदारी सगळे माझ्या न बोलण्याला नावं ठेवत आले होते. त्याबद्दल पगार देणारा हा पहिला माणूस. आणि कबूल करते, जाहिराती लिहायला मला आवडू लागलं होतं. एका न-जन्मलेल्या कर्नलसाहेबाला मी एक कुत्राही दिला.

"कुत्रा कशाला?" शेठनी विचारलं.

"कुत्रा असला की घर वाटतं," मी म्हटलं. सहा महिन्यांतलं ते माझं सगळ्यात लांब वाक्य असावं. शेठ इतके खूश झाले की पुढच्या रविवारी त्यांनी कॅम्पातला एक भटका कुत्रा आणून फाटकाला बांधला. त्याने आलेल्या गिऱ्हाइकाकडे ढुंकून पाहिलं नाही; शेठवरच मात्र दुपारभर भुंकत राहिला. "कसला कर्नलचा कुत्रा," शेठ पुटपुटले, "चोरावर नाय, मालकावर भुंकतो."

वडील शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात होते. छातीचं दुखणं लागल्यापासून ते अर्ध्या पगाराच्या रजेवर होते, आणि रजा संपली की क्वार्टर सोडावं लागणार होतं. शेठ महिन्यातून एकदा संत्री घेऊन त्यांना भेटायला येत. कॉटशेजारी बसून कराचीच्या ट्रामच्या गोष्टी सांगत आणि वडील खोकता खोकता हसत. ते गेल्यावर वडील आईला म्हणत, "माणूस सज्जन आहे. पोरगी चांगल्या ठिकाणी लागली." मी संत्री सोलत असे. त्या घरात मी काय सांगणार होते? संत्री खरी होती. पगार खरा होता. त्याच तोंडाने शेठ रविवारी गिऱ्हाइकाला वडिलांचा खोकला ऐकवत आणि त्यातून शंभर-दोनशे जास्त काढत, हेही खरं होतं.

एकदा मी त्यांना त्याबद्दल विचारणार होते. शब्द जुळवत मी उभी राहिले, तेवढ्यात त्यांनीच, कशावरून कोण जाणे, कराचीच्या बंदराची गोष्ट काढली. बोटीत गाडी घेत नव्हते. धक्क्यावर गाड्यांची रांग लागली होती आणि एक व्यापारी नोटांची पिशवी घेऊन तिच्यामधून फिरत होता.

"तो काय बोलला नाय," शेठ म्हणाले. "फक्त बघितला. माझी बायको रडत होती, बोट सुटत होती. मी पयला बोललो. नवीन गाडी होती, बेटी. सीटवरचा कागद पण काढला नव्हता." टोपी काढून त्यांनी तिच्यात पाहिलं. "मी त्याला शिव्या नाय देत. त्याच्याकडून शिकलो."

मी खाली बसले आणि पत्र पुढे टाइप करू लागले.

शेठ वारल्याचं मला मागच्या महिन्यात कळलं. त्या बराकीत आता दुसरं बिऱ्हाड आहे, शेड मोडली आहे. नोकरी सुटली त्या महिन्यात मी अकरा दिवस भरले होते. त्यांनी पूर्ण महिन्याचा पगार पाकिटात घालून घरी पाठवला, बरोबर संत्री. चिठ्ठी नव्हती. वडिलांनी कितीदा विचारलं तरी नोकरी का सुटली ते मी सांगितलं नाही. आज ते सांगते.

त्या महिन्यात शेठनी एक छोटी काळी गाडी घेतली होती. मोरिवलीजवळच्या नाल्यात ती पुलावरून खाली गेली होती आणि तिची चासी, म्हणजे जिच्यावर सगळी गाडी उभी असते ती लोखंडी चौकट, दुभंगली होती. ती जोडून घेतली, वर रंग मारला. खरेदीचा कागद मीच टाइप केला होता. जोडणारा मिस्त्री माझ्यासमोर म्हणाला होता, "सडकेवर चालेल, शेठ. खड्ड्यात कवा बसंल त्याचा भरवसा नाय."

रविवारी फाटकाशी बदलापूरच्या एक डॉक्टरीणबाई आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, चपलांना चिखल. बरोबर कुणी नव्हतं. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी मागची सीट हाताने दाबून पाहिली.

"इथे बाई आडवी झोपेल का?"

"आरामात, डॉक्टरसाब," शेठ म्हणाले.

"अडलेल्या बाईला बैलगाडीतून कल्याणला न्यायचं म्हणजे निम्म्या वाटेत..." त्यांनी सीटवरून पुन्हा हात फिरवला. "गावागावांतून रस्ते कसे आहेत तुम्हाला ठाऊकच आहे. कल्याणला एका व्यापाऱ्याकडे अशीच गाडी तीन हजाराला होती. नाही घेतली. त्या लोकांचं काय सांगावं. घरातली आहे म्हणून साडेतीन देते."

शेठनी टोपीकडे हात नेला. वडिलांच्या आजाराचं ते आता सांगणार, हे मला कळलं. पण बाईंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात नोटांचं पुडकं होतं, रुमालात बांधलेलं.

"तू चालवतेस ना ही? जाहिरातीत होतं. मला तुझ्याकडूनच ऐकायचंय, बाळ. खड्ड्यांत कशी चालते?"

शेठ माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बंदराची गोष्ट सांगताना होता तसा तो चेहरा होता. मला क्वार्टर दिसलं, कॉट दिसली, औषधाची बाटली दिसली. गप्प राहिले असते तर बाईंनी तेही उत्तरच मानलं असतं, सगळे मानत. मी चावी हातात घट्ट धरली. ती तळव्यात रुतली.

मग माझा आवाज मलाच ऐकू आला, वर्गात उभं करून विचारल्यावर यायचा तसा, कोरडा आणि थोडा मोठा.

"बाई, ही आमची गाडी नाही. ही शेठची आहे, ते व्यापारी आहेत. हिची चासी मोडून जोडलेली आहे. पेशंटला घेऊन हिच्यात बसू नका."