शेठच्या टाकीतली मोटार हवा ओढत होती

मंडळी, आज सूड घेऊन आलोय आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटतंय.

दोन महिन्यांपूर्वी घरी खाऱ्या पाण्याचे मासे ठेवले. फिल्टर बारामतीतल्या एका दुकानातून आणला. आठवड्यात दोन्ही मासे मेले. विचारायला गेलो, तर दाराबाहेरच शेठचं बोलणं कानावर आलं. "त्या ठिबकवाल्याला गोड्या पाण्याचा फिल्टर खपवला. त्याला काय कळतंय?"

तसाच मागं फिरलो. सांगवीपासून निमगाव केतकीपर्यंत रानोरानी ठिबकचे फिल्टर बसवण्यात माझी वीस वर्षं गेलीत. घरचाही मग मीच जुळवला. मासे मजेत आहेत.

आज त्याच शेठचा फोन आला. "दादा, दुकानातली मोठी टाकी बिघडलीय. मासे वर येऊन तोंड उघडतायत. मोटार-फिल्टरचं तुमाला कळतं, तुमी याल का?"

गेलो. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. दारातच आवाज ओळखला. विहीर आटली की मोटार हवा ओढते, अगदी तसा. फिल्टरच्या कप्प्यातलं पाणी आटलं होतं. आरओचं पाणी ओतलं की काम झालं असतं.

पण मी खुर्ची ओढून बसलो. "शेठ, गोड्या पाण्याचा फिल्टर कुणाला खपवला, ते आधी या गिऱ्हाइकांना सांगा."

शेठ बराच वेळ काउंटर पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "व्हय, यांनाच खपवला. चुकलं."

मग मी पाणी ओतलं. घरघर थांबली, धार सुरू झाली. तोवर एक पिवळा मासा आडवा पडला होता.

शेठला कबूल करवत नव्हतं आणि मला ऐकल्याशिवाय उठायचं नव्हतं. त्या माशाला कुणी मारलं म्हणायचं, त्यानं की मी?