लूपे आजींचा उलटा प्रश्न

"तू फक्त एवढंच लिही, 'नॉट रेकमेंडेड'. बाकी मी बघतो," देशपांडे काका म्हणाले.

ते आमच्या ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये बसले होते आणि मला फोनवर एक व्हिडिओ दाखवत होते. नागपूरहून त्यांच्या साडूंनी पाठवलेला. जळणारा ट्रक, पळणारी माणसं आणि खाली लाल अक्षरांत 'मेक्सिको'.

मी ओहायोतल्या डब्लिनमध्ये ट्रॅव्हल रिस्क कन्सल्टंट आहे. एखादी कंपनी आपल्या माणसांना कुठे पाठवणार असेल, तर तिथे काय काय बिघडू शकतं आणि बिघडलंच तर काय करायचं, हे आधी शोधून सांगायचं. थोडक्यात, मला काळजी करण्याचा पगार मिळतो. माझा नवरा म्हणतो, हे काम तू फुकटही केलं असतंस.

काकांच्या मुलीचं, ऋजुताचं, लग्न मातेओशी ठरलं होतं. मुलगा इथल्याच एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट. लग्न मात्र मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, त्याच्या आजीच्या छोट्याशा बीच टाउनमध्ये. या लूपे आजींनी मातेओला बारा वर्षांचा होईपर्यंत सांभाळलं होतं. आता त्यांची फुप्फुसं थकली होती आणि डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला होता. लग्न ओहायोत झालं, तर आजी नसणार. काकांना हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच 'नाही' त्यांना स्वतःच्या तोंडून म्हणायचं नव्हतं. ते त्यांना आमच्या लेटरहेडवर हवं होतं.

मला रागच आला. पण क्लायंट म्हणजे क्लायंट. मी म्हटलं, "काका, मी आधी शोधते. मग जे निघेल ते लिहिते."

ते गेल्यावर मी माझा बॉस ब्रायन याच्याकडे गेले. तो म्हणाला, "क्लायंटला 'नो' हवाय ना, मग देऊन टाक. 'नो' म्हटलं म्हणून कोणी कोर्टात खेचत नाही."

"आणि ते खोटं असेल तर?"

"मग शुक्रवारपर्यंत खरं काय ते शोध."

ब्रायन तसा सरळ माणूस आहे, फक्त घाबरट. आमच्या धंद्यात ते चालून जातं.

सुरुवात केली ती सरकारी ट्रॅव्हल ॲडव्हायझरीपासून. अमेरिकन सरकार मेक्सिकोतल्या प्रत्येक राज्याला धोक्याची एक पायरी देतं. आजींच्या राज्याला 'प्रवासाचा फेरविचार करा' ही पायरी होती. लोक तेवढंच वाचतात आणि तिकीट कॅन्सल करतात. पण एक राज्य म्हणजे डोंगर, हायवे, शहरं, किनारा सगळंच आलं. मी आधी खालचा मजकूर वाचते. सरकारने आपल्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना कुठे जायची बंदी केली आहे, ते तिथे असतं. स्वतःची माणसं पाठवताना सगळेच जास्त खरं बोलतात. आजींच्या गावाला बंदी नव्हती. एअरपोर्टहून गावाकडे जाणाऱ्या हायवेवर मात्र अंधार पडल्यानंतर बंदी होती.

मग फोन. जवळचं हॉस्पिटल, हॉटेल, गावातली एक शाळामास्तरीण, बीचवरचा लाइफगार्ड. माझं स्पॅनिश कामापुरतं आहे, ऋजुता त्याला हसते. "तुमचं गाव सेफ आहे का?" असं मी कोणालाच विचारत नाही. सगळे 'हो' म्हणतात, गावाचं पोट टुरिस्टांवर असतं. मी विचारते, तुमची मुलगी कामावरून घरी कशी येते? मास्तरीणबाई म्हणाल्या, चालत, आठ वाजता, आइस्क्रीम खात. आणि शेजारच्या शहरात मावशीकडे गेली तर? तर मुक्काम करते, सकाळी येते. रात्री त्या रस्त्याने कोणी येत नाही.

लाइफगार्ड तर वैतागलेलाच होता. त्याचं म्हणणं, पाहुणे विचारतात गुंडांबद्दल आणि मग समुद्र खवळल्याचा लाल झेंडा लागलेला असताना पाण्यात शिरतात. त्याने आजवर ज्यांना ओढून काढलं, ते सगळे समुद्रातून.

काकांचा व्हिडिओही शोधला. तो देशाच्या पार दुसऱ्या टोकाचा होता, आणि जुना.

शुक्रवारी मी काकांना, ऋजुताला आणि मातेओला बोलावलं. लूपे आजींना व्हिडिओ कॉलवर घेतलं, कारण मला त्यांनाही विचारायचं होतं. बारीक चणीच्या, पांढऱ्या वेणीच्या आजी. नाकाला ऑक्सिजनची नळी. मातेओ भाषांतर करत होता. तुम्ही स्वतः कुठे जायचं टाळता, असं मी विचारलं. त्यांनी तोच हायवे सांगितला, तीच वेळ सांगितली. काका हाताची घडी घालून ऐकत होते.

मग आजी म्हणाल्या, "मलाही एक विचारायचंय. मुलीच्या वडिलांना."

काका सावरून बसले.

"तुमचं गाव सुरक्षित आहे का? मी टीव्हीवर बघते. अमेरिकेत मॉलमध्ये गोळीबार, शाळेत गोळीबार. माझा मातेओ तिथे राहतो. आता ही पोरगीही आमची झाली. मला झोप लागत नाही."

मातेओ भाषांतर करताना अडखळला. हे त्यालाही नवीन होतं.

काका लगेच म्हणाले, "छे छे, तसं काही नाही हो आजी. ते तुम्ही बघता ते दुसऱ्या राज्यातलं असतं. अमेरिका केवढी मोठी आहे. आमचं गाव एकदम शांत. आता शहरातल्या काही भागांत रात्री जायचं नाही, एवढं पाळलं की..."

आणि ते थांबले.

ऋजुता टेबलाकडे बघत होती. मातेओने ते अर्धं वाक्य तसंच स्पॅनिशमध्ये सांगितलं. आजींनी शांतपणे मान हलवली आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर मग ठीक आहे. तुम्ही तिथे राहता, तुम्हालाच माहीत असणार."

त्यांनी सरळ विश्वास ठेवला होता. पुरावा मागितला नाही की आमच्यासारखा कन्सल्टंट नेमला नाही. मला भरून आलं. कामाच्या ठिकाणी मला असं होत नाही.

कॉल संपला. काकांनी पाण्याचा ग्लास बाजूला सारला. मग म्हणाले, "तो व्हिडिओ नक्की कुठला निघाला?"

"देशाच्या पार दुसऱ्या टोकाचा. पण काका, एक गोष्ट खरंच अनसेफ आहे."

"कोणती?"

"तुमचं बुकिंग."

काकांनी व्हिडिओ येण्याआधीच सगळ्या पाहुण्यांची ग्रुप तिकिटं काढून ठेवली होती आणि स्वस्तात मिळवल्याचं चारचौघांत मिरवलंही होतं. स्वस्त का, तर विमान संध्याकाळी उतरत होतं. म्हणजे अख्खं वऱ्हाड, सोन्यानाण्यासकट, अंधारात त्याच हायवेवर.

"बदलायचं म्हणजे सगळ्यांची चेंज फी भरायची?"

"हो."

"साडूंचीसुद्धा?"

"बाबा," ऋजुता म्हणाली, "मौसाजींची तर आधी."

काका हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच.

रिपोर्टमध्ये मी 'जावं' असं लिहिलं. सकाळच्या विमानानेच जावं. हायवे उजेडात पार करावा. खरे दागिने डब्लिनच्या लॉकरमध्ये ठेवावेत. लाल झेंडा असेल तर पाण्यात घोट्यापर्यंतही जाऊ नये. शेवटचं मी ठळक अक्षरांत टाकलं, कारण आपली माणसं मला ठाऊक आहेत. पोहता एकालाही येत नाही आणि पैठणी गुडघ्यापर्यंत उचलून समुद्राकडे पाठ करून फोटो सगळ्यांना हवा असतो. ब्रायनने रिपोर्ट दोनदा वाचला आणि सही केली.

लग्न झालं. मलाही आमंत्रण होतं. लूपे आजींनी ऑक्सिजनच्या नळीसकट पहिल्या रांगेत बसून अक्षता टाकल्या, थोड्या भटजींच्या डोक्यावर पडल्या. दोघांचं पोट बिघडलं, साडूंची पाठ उन्हाने भाजली आणि काकांचा पाय नाचताना मुरगळला. माझ्या खात्यात याला यशस्वी ट्रिप म्हणतात.

निघताना आजींनी काकांचा हात दोन्ही हातांत धरला. मातेओने सांगितलं, "त्या म्हणतायत, घरी पोहोचलात की लगेच फोन करा. तुम्ही परत तिकडे चाललाय, त्यांना काळजी वाटते."

काकांनी आमच्या जवळच्या कोलंबसच्या एअरपोर्टवर बॅगा यायच्याही आधी फोन केला.

'अमुक जागा सेफ आहे का?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कोणत्या रस्त्याने, किती वाजता, तिथे जाऊन काय करणार, हे विचारा. आणि आधी तोच प्रश्न आपल्या गावाबद्दल कोणीतरी विचारलाय असं समजून मोठ्याने उत्तर देऊन बघा.