आत्यांचा उलटा फेरा

आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात आत्यांचं टेबल मधोमध होतं. लांब, लाकडी, चारी बाजूंनी मोकळं. सोळा-सोळा पानांच्या घड्या, ज्यांना आम्ही फर्मे म्हणतो, त्यांचे ढीग त्यावर कडेकडेने मांडलेले असत. पहिल्या फर्म्यापासून निघायचं, टेबलाला वळसा घालत प्रत्येक ढिगातला एक उचलायचा, आणि फेरा पुरा झाला की हातात आख्खं पुस्तक. एकतीस वर्षं आत्या त्या टेबलाभोवती चालल्या. त्यांच्या पावलांनी फरशीवर वाट पडली होती, माळावरच्या पायवाटेसारखी गुळगुळीत.

मालक त्यांचा भाचा, म्हणून त्या सगळ्यांच्याच आत्या. मी शेजारी शिलाईला बसायचो, म्हणून मी टाक्या.

त्या खोलीत पाणी आणायचं नाही, हा आत्यांचा नियम. थेंब पडला की कागद फुगतो आणि फुगलेला कागद पुन्हा कधी सरळ होत नाही. दारावर त्यांनीच पुठ्ठ्यावर लिहून लावलं होतं, ‘पाणी बाहेर’. आम्ही चोरूनमारून बाहेर जाऊन पिऊन यायचो. त्या मात्र सकाळी आत शिरल्या की संध्याकाळपर्यंत घसा कोरडा. मग घरी जाऊन तांब्याभर पाणी एका दमात. गुडघे कुरकुरले की पिशवीतल्या डबीतून दुखण्याची गोळी काढायच्या, तीही कोरडीच गिळायच्या. रोज दोन, कधी तीन, अशी कैक वर्षं. ‘‘चालणाऱ्याचे गुडघे दुखणारच. बसणाऱ्याचं काय दुखणार, टाक्या?’’ असं मला टोचायचं आणि पुढचा फेरा धरायचा.

एके दिवशी शाळेचं इतिहासाचं पुस्तक जुळणीला आलं. चाळीसेक प्रती शिवून झाल्यावर माझं लक्ष गेलं. पहिल्या फर्म्याला लागून शेवटचा फर्मा, मग त्याच्या आधीचा. मी प्रत वर धरली.

‘‘अहो आत्या, तुमचा राजा आधी मेला, मग लढला आणि आता जन्माला येतोय!’’

आत्या हसल्या नाहीत. हातातला फर्मा तसाच धरून टेबलाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘‘टाक्या, मी कुठल्या बाजूनं फिरतेय रे?’’

सकाळपासून त्या उलट्या फिरत होत्या. एकशे चाळीस प्रती. मी सुई खाली ठेवली. खुणा आधीपासून दिसत होत्या. दुपारी त्या उभ्या उभ्या पेंगायच्या. एकच गोष्ट दोनदा विचारायच्या. आम्ही म्हणायचो, वय झालं.

भाचाही तेच म्हणाला. तो वाईट नव्हता, घाबरट होता. ‘‘आत्या, पुष्कळ केलंस. आता घरी बस. वयानं डोकं थकतं.’’

‘‘वय तुझंही झालंय. केस कुठं गेले तुझे?’’

‘‘केस गेले तरी माझी पुस्तकं सरळ निघतात.’’

हे त्यांना लागलं. पण दवाखान्यात त्या गेल्या ते ताठ मानेनं, भाच्याला आणि मला साक्षीला घेऊन.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना चार शब्द लक्षात ठेवायला सांगितले. थोड्या वेळानं विचारले तर आत्यांना दोनच आठवले. पण बाई तिथंच थांबल्या नाहीत. त्यांनी आत्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला, पायांवर सूज होती. रक्तदाब पाहिला, तो चढलेला. मग गोळ्यांची डबी मागितली, उघडून पाहिली आणि रक्त-लघवी तपासायला पाठवली.

‘‘विसरतंय डोकं, आणि तपासायची लघवी?’’ भाचा म्हणाला.

‘‘मूत्रपिंड रक्त गाळतं,’’ बाई म्हणाल्या. ‘‘ते थकलं की घाण रक्तातच राहते आणि डोक्यावर धुकं धरतं. शिवाय वाढलेला रक्तदाब मूत्रपिंडाच्या बारीक नसा खराब करतो, तशाच मेंदूच्याही. उतारवयात ही दोन्ही दुखणी पुष्कळदा हातात हात घालून येतात.’’

अहवाल आला. मूत्रपिंडं निम्म्याहून कमी काम करत होती.

आत्या भाच्याकडे वळल्या. ‘‘ऐकलंस? डोकं गेलेलं नाही. गाळणी चोंदलीय.’’

‘‘गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणत नाही,’’ बाईंनी बजावलं. ‘‘पण घसरण रोखता येते. दुखण्याची गोळी आजपासून बंद, रोज घेतली की ती मूत्रपिंडं बिघडवते. मीठ कमी, रक्तदाबाची गोळी न चुकता. आणि दिवसभर कोरडं राहून संध्याकाळी तांब्या ढोसायचा नाही. मी देते त्या मापानं, घोट घोट.’’

‘‘तीन महिने दे,’’ आत्यांनी भाच्याला बाहेर पडता पडता सांगितलं. ‘‘मग तीनशे प्रती जुळवते. एक जरी चुकीची तुझ्या हाती लागली, तर मी आपणहून घरी बसेन.’’

तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा टेबल भिंतीला सरकवलेलं होतं, वर पुठ्ठ्यांची चळत. भिंतीला लावलेल्या टेबलाला फेरा कसा घालणार? भाच्यानं निकाल आधीच लावून टाकला होता.

आत्यांनी पिशवी खाली ठेवली. पुठ्ठे उतरवले, पदर खोचला, टेबलाचं एक टोक धरलं. ‘‘टाक्या, बसून बसून हात गळाले का?’’ मी दुसरं टोक धरलं. टेबल किंचाळत मधोमध आलं.

मग त्यांनी पिशवीतून खडू काढला आणि वाकून, गुडघा धरून, पहिल्या ढिगापाशी फरशीवर बाण काढला.

‘‘बाणाशिवाय जमत नाही का?’’ भाचा म्हणाला.

‘‘तुला चष्म्याशिवाय जमतं का?’’

दुसरी वस्तू पिशवीतून निघाली ती पाण्याची बाटली, घट्ट झाकणाची. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आत्यांनी दारावरचा पुठ्ठा उपटला, उलटा करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि त्यावर बाटली मांडली. ‘‘नियम माझा होता. मीच मोडते. तुम्हीही आणा. झाकण नसलं तर मात्र बाटलीसकट बाहेर.’’

त्या चालू लागल्या. पूर्वीपेक्षा सावकाश. पंचवीस फेरे झाले की थांबायचं, ओठ ओला करायचा, बाण बघायचा, निघायचं. दोन दिवस लागले. पूर्वी एकात झालं असतं, हे त्यांनाही माहीत होतं.

भाचा तपासायला बसला. त्यानं एकेक प्रत उलगडून पाहिली. शेवटी म्हणाला, ‘‘दोनशे नव्याण्णवच आहेत. सगळ्या बरोबर. पण एक कमी.’’

‘‘ती टेबलाखाली आहे.’’

टेबलाखाली एक प्रत होती, वर चिठ्ठी, आत्यांच्या ठसठशीत अक्षरात: ‘नववा फर्मा राहिला.’

‘‘म्हणजे चुकलीस,’’ भाचा म्हणाला.

‘‘चुकले. आणि तुझ्या आधी मला कळलं.’’

भाच्यानं चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. मग उठला आणि नवव्या ढिगातला एक फर्मा आणून त्यांच्या हातात दिला.

आत्यांनी तो जागच्या जागी घातला, पुस्तक टेबलावर आपटून सारखं केलं आणि माझ्याकडे ढकललं. ‘‘शीव.’’