कपाटातले टाक

महायुद्धाच्या काळात मी नगरच्या एका मिशनशाळेत विज्ञान शिकवीत असे. शाळेच्या काचेच्या कपाटात आमच्या आजोबांच्या पिढीने ख्रिस्ती होताना मिशनच्या स्वाधीन केलेले टाक होते : खंडोबा, भैरोबा, देवी यांचे ठसे उमटवलेले चांदी-तांब्याचे लहान पत्रे. युद्धासाठी धातू गोळा होऊ लागला, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी ते देऊन टाकायचे ठरवले.

मी माझे म्हणणे मांडले. सगळ्यांचे वजन एका घागरीइतकेही भरणार नाही. आणि वितळलेला ठसा परत मिळत नाही.

“प्रत्येकाने असाच हिशेब केला तर?” बाईंनी विचारले. त्यांचा भाऊ आघाडीवर होता. निदान मागणाऱ्यांना तरी ते परत द्यावेत, अशी मी गळ घातली. अखेर त्यांनी एवढे मान्य केले, की ज्या घराण्याचे कोणी मागायला येईल, त्यांना त्यांचा टाक द्यावा.

“रसायनवाल्या बाई देव पुजू लागल्या,” अशी थट्टा शिक्षिकांत सुरू झाली. मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेतच डबा खाऊ लागले.

मी आमच्या भावकीला आणि इतर घराण्यांनाही कळवले. शेवगावकडून एक चुलत आत्या आली. तिचे घर हिंदूच राहिले होते. आमचा टाक तिने तळहातावर घेतला, अंगठ्याने चाचपला.

“लई झिजलाय. नवा घडवून घिऊ. ह्याला गंगेत सोडायचा.”

आमच्याकडे गंगा म्हणजे गोदावरी.

“आत्या, मग भट्टीतून वाचवून काय मिळवलं?”

“झिजल्याला निरोप देत्यात, पोरी. तोफंत घालीत न्हाईत.”

“इथेच राहू दे. मीही त्याच घरची आहे. मी मागून घेते.”

“घे की. पन रोज त्याला पानी कोन घालनार? तू?”

मी मागितला असता, तर ठसा नक्की टिकला असता. पण माझ्या लेखी तो ठसा होता. तिच्या लेखी देव. मी तो तिच्याकडेच राहू दिला. तिने पदराला गाठ मारली.

“येतीस का गंगंवर?”

“नको. तो बुडताना मला बघवणार नाही.”

“एकटीच हायेस व्हय गं हितं?” एवढे विचारून, उत्तराची वाट न पाहता ती मोटारीकडे निघाली.

उरलेले टाक मागायला कोणी आले नाही. बाईंच्या सांगण्यावरून ते मीच युद्धासाठीच्या पोत्यात भरले.