मारुतीभोवती पळणाऱ्यांचा डावा पाय

आमच्या हिंगोलीच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये गप्पांशिवाय कुणी पाय उचलत नाही. हात माझे चालतात, तोंड पेशंटचं. दुखणं बरं होऊन जातं आणि किस्सा मागे राहतो. त्यातले निम्मे किस्से मांडीच्या बाहेरच्या एका पट्ट्याचे, म्हणजे आयटी बँडचे.

*

औंढ्याचे बाजीराव काका गुडघ्याची बाहेरची बाजू धरून आले. मी सांगितलं, "काका, कमरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखालच्या हाडापर्यंत एक चिवट पट्टा असतो, बाजेच्या नवारीसारखा. एका पायावर भार आला की तो आपल्याला सावरून धरतो."

"मंग नवार सैल करा की."

"ती सहजी सैल होत नाही. तिला वरून ओढणारे कमरेचे स्नायू आहेत. व्यायाम त्यांना द्यायचा."

काका म्हणाले, "म्हंजे बोंबलतो गुडघा, अन् कामाला लावता कमरेला!"

व्यायाम मात्र ते नेमानं करतात.

*

नरसीच्या सुमनबाईंची मांडी काळीनिळी झाली होती. पट्टा मोकळा व्हावा म्हणून सुनेनं त्यावर लाटणं फिरवलं होतं.

"भांडण झालं होतं का?"

"न्हाई वो. मायेनं लाटलं. रागानं लाटलं असतं तर लवकर थकली असती."

शेजारी उभी असलेली सून रडायलाच लागली. सासूनंच तिला जवळ घेतलं.

*

मग रेणुका आली. जवळा बाजारजवळच्या खेड्यातली, पोलीस भरतीची तयारी करणारी. डावा गुडघा बाहेरून दुखत होता आणि वयात बसणारी ही तिची शेवटची भरती होती.

"औंदा वर्दी न्हाई भेटली तर बाबानं स्थळ बघून ठेवलंय सर," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं.

पाठोपाठ तिच्याच गावची भरतीची पोरं आली. सगळ्यांचा डावाच गुडघा! न राहवून मी त्या गावी गेलो.

मैदानाच्या मधोमध मारुतीचं देऊळ, आणि पोरंपोरी रोज त्याला उजवी घालत, प्रदक्षिणेसारखी उजवीकडेच वळत पळत होती. कायम एकाच बाजूला वळून बाहेरच्या, म्हणजे डाव्या पायावर ताण येत होता. मी म्हणालो, "थोडे फेरे उलटेही मारा."

सगळ्यांनी देवळाकडे पाहिलं. रेणुका हळूच म्हणाली, "सर, देवाला डावी घालायची?"

*

मी देवळाच्या पुजारी काकांना गाठलं. "काका, लेकरांचे पाय जातील. तुम्हीच परवानगी द्या."

"उलटं न्हाई जमायचं," काका म्हणाले. "पण मारुती डोंगर आणाया गेला, तवा फेरे मारत गेला का? सरळ गेला, सरळ आला."

दुसऱ्या दिवसापासून सगळे मैदानाच्या कडेनं सरळ जाऊन सरळ परत येऊ लागले. रेणुकानं कमरेचे व्यायामही सोडले नाहीत. गुडघा हळूहळू शांत झाला.

*

निवड झाल्यावर रेणुका पेढे द्यायला आली, सोबत बाबा. पेढ्याचा डबा त्यांनीच धरला होता, कुणाला हात लावू देत नव्हते.

मी विचारलं, "भरतीचं मैदान कसं होतं?"

"गोल होतं सर. अन् फेरे उलटे मारायचे होते."

"मग काय केलंस?"

"पयला फेरा मारुतीची माफी मागत पळाले."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्याला म्होरं चार पोरी होत्या. माफी मागाया टाईमच न्हाई भेटला."