मी बदललेला जबाब

शेजारी कुणी जवळा कुटायला घेतला की मला रेवदंड्याची ती दुपार आठवते. साल चौतीस-पस्तीस असावं. अब्बा वारले होते आणि अम्माची इद्दत, नवऱ्यामागं घरात पाळायचे चार महिने दहा दिवस, नुकती संपली होती. अब्बांनी तिला रंगूनहून लग्न करून आणलेलं. तिला आमची बोली येत नाही, असंच सगळे समजत. तेरा वर्षांची मी तिची दुभाषी.

अब्बांची बहीण, माझी फुफी, म्हणाली, "इचार आयशीला, माहेरी जायचंय का? जायचं तर एकटीनं. पोरगी हितंच ऱ्हाईल."

मी विचारलं. जवळा कुटता कुटता अम्मा थांबली आणि बर्मीत म्हणाली, "तुला घेऊनच जाईन."

रंगून मी कधी पाहिलंही नव्हतं. माझ्या मैत्रिणी, माझी शाळा, सगळं इथं होतं.

"अम्मा म्हणते, मी कुठं जात न्हाय."

फुफीनं तिच्याकडं रोखून पाहिलं. "खरं?"

अम्मानं माझ्याकडं पाहिलं. मग आमच्याच बोलीत, अडखळत म्हणाली, "व्हय. हितंच ऱ्हाते."

तिला सगळं समजलं होतं. तेव्हा वाटलं, सुटले. आज कळतं, माझ्यासाठी तिनं तिचा मुलूख सोडला. ती पुन्हा कधी रंगूनला गेली नाही, आणि जायचंय का, हे मीही तिला परत विचारलं नाही.